आहेराची वही आणि पोच

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी फोनवर विषय विचारला आणि मी ‘आहेराची वही’ म्हणालो, तेव्हा पलीकडे थोडा वेळ शांतता होती. या व्यासपीठावर संतवाङ्मय झाले, नाट्यसंगीत झाले, मराठवाडा मुक्तिसंग्राम झाला. त्यांच्या रांगेत आहेराची वही म्हणजे पैठणीच्या घडीत टॉवेल. पण मी सिव्हिलचा डिप्लोमा झालेला माणूस. राज्य सरकारच्या नोकरीत वीस वर्षे मेजरमेंट बुक लिहितो आहे. संतवाङ्मयावर बोलण्याचा अधिकार मला नाही, वहीवर बोलण्याचा थोडाफार आहे.

शिवाय हा मंच गणपतीचा. महाभारत व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहिले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. गणपतीची अट होती की सांगताना थांबायचे नाही. व्यासांची उलट अट होती की अर्थ समजल्याशिवाय लिहायचे नाही. आपले आराध्य दैवत मुळात लेखनिक आहे, आणि लेखनिकाची पहिली शिस्त त्याच कथेत आहे : समजून लिहावे. तेव्हा विषय फारसा अस्थानी नाही असे मला वाटते.

आता मुद्द्याला येतो.

लग्न ठरले की कामांची वाटणी होते. पत्रिका कोणी वाटायच्या, फंक्शन हॉल कोणी पाहायचा, केटररशी कोणी बोलायचे. या सगळ्यात एक प्रश्न हमखास निघतो : ‘आहेर लिहायला कोण बसणार?’ पूर्वी याला मान होता. अक्षर चांगले, तोंड बंद आणि पैशाला विश्वासू, अशा माणसाला बसवत. बहुधा एखादे मास्तर किंवा पोस्टातले काका. पहिल्या पानावर ‘श्री’ काढून हळदकुंकवाचे बोट लावायचे आणि मग लिहायला सुरुवात. टोपी-उपरणे, खण-नारळ, तांब्या-भांडे, रोख अकरा, रोख एकवीस. नाव, गाव, नाते, वस्तू. चार रकाने.

ही सवय आपल्याकडे जुनी आहे. १७८३ साली पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांचे लग्न झाले. त्या लग्नाच्या व्यवस्थेची नाना फडणविसांनी केलेली तपशीलवार याद इतिहासप्रेमी मंडळी आजही काढून वाचतात. फडणीस म्हणजेच दप्तर सांभाळणारा. लग्न पेशव्यांचे असो की आपल्या गल्लीतले, मांडवात एक फडणीस लागतोच.

पुढे स्टीलची भांडी आली. दुकानदार काउंटरवरच विजेच्या पेनाने भांड्यावर नाव घालून देई. ‘चि. सौ. कां. अमुक हिच्या विवाहाप्रीत्यर्थ अमुक यांजकडून सप्रेम भेट’, खाली तारीख. आज आपण त्याला हसतो. पण ते भांडे म्हणजे वहीतली एक नोंदच होती. वही वाळवीने खाल्ली तरी पातेले बोलत राहते. आमच्या घरी ज्या पातेल्यात दूध तापते, त्यावर सोलापूरच्या एका काकांचे नाव आहे. काका जाऊन बरीच वर्षे झाली. दूध रोज तापते आणि घासताना नाव रोज वाचले जाते.

आपण हैदराबादकर आहोत, म्हणून आपल्या वह्यांत एक गंमत आहे जी पुण्या-मुंबईच्या वह्यांत सापडणार नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या वेळच्या वह्या कुणाकडे असतील तर जरूर उघडून पाहा. आमच्या घरच्या जुन्या वहीत रकमेपुढे कुठे ‘हा.’ आहे तर कुठे ‘क.’ आहे. हा. म्हणजे हाली, निजामाचा उस्मानिया शिक्का. क. म्हणजे कलदार, इंग्रजांचा रुपया. या संस्थानाचे नाणे वेगळे होते आणि ते १९४८ नंतरही काही वर्षे चालत होते. भाव ठरलेला होता : ६ कलदार म्हणजे ७ हाली. त्यामुळे लेखनिकाला नुसते ‘रुपये पाच’ लिहून चालत नसे. कोणते पाच, हे लिहावे लागे. नांदेडहून आलेला पाहुणा हाली देणार, सोलापूरहून आलेला कलदार देणार. समजून लिहावे म्हणतात ते हे.

त्याच भावाचा आणखी एक धागा आपल्या शेजाऱ्यांकडे आहे. आपण १०१ देतो, ५०१ देतो. तेलुगू मंडळी ११६ देतात, १११६ देतात. हे ११६ कुठून आले याची अनेकदा सांगितली जाणारी एक उपपत्ती अशी की १०० कलदार रुपयांचे हाली करायचे तर ११६ रुपये, १० आणे, ८ पै होत. शंभर कलदारांच्या तोलाचा आहेर करायचा म्हणून लोक ११६ हाली देऊ लागले. नाणे गेले, आकडा राहिला. गणित तरी चोख जुळते, घरी जाऊन करून पाहा. आता आपल्यातल्या कित्येकांची मुले तेलुगू घरांत दिली आहेत, तेलुगू मुली सुना म्हणून आल्या आहेत. एकाच वहीत वरच्या ओळीत १०१ आणि खालच्या ओळीत ११६ दिसते. मला ते पान फार आवडते.

तेलुगूत या आहेराला शब्दही छान आहे, चदिविंपुलु. म्हणजे वाचून दाखवलेले. गावाकडे अजूनही माइकवर नाव आणि रक्कम पुकारतात, आणि शेजारी एक जण लिहून घेतो. त्यात मोकळेपणा आहे, सगळ्यांसमोर हिशेब आहे. पण ज्याच्या खिशात एकवीसच रुपये आहेत त्याची घालमेलही त्यात आहे. पुढचा नातेवाईक हजार म्हणून पुकारला गेला की मागचा माणूस रांगेतून बाजूला होतो. मी ते पाहिले आहे.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. काही जण म्हणतात, आहेर प्रेमाने दिलेला असतो, त्याची वही कशाला? वाण्याची उधारी आहे का ती?

मार्सेल मोस नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली भेटीवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. जगभरच्या समाजांच्या चालीरीती तपासून तो म्हणतो की भेटीमागे तीन बंधने असतात : देण्याचे, स्वीकारण्याचे आणि परत देण्याचे. भेट वरून कितीही स्वखुशीची दिसली तरी ही तीन बंधने आतून काम करतात. आपल्या आजीला हे फ्रेंचमध्ये सांगावे लागले नसते. ‘त्यांनी आपल्या मुलीला काय केलं होतं, वही बघ’ हे वाक्य तिचेच आहे.

जगात इतरत्रही असेच चालते. जपानमध्ये लग्नाचे पैसे कोऱ्या करकरीत नोटांत आणि खास पाकिटात देतात, आणि रक्कम शक्यतो सम नसावी असा संकेत आहे, कारण समचे दोन सारखे भाग होतात आणि जोडपे दुभंगू नये. आपण वर एक रुपया ठेवतो, ते विषम आकडा धरतात. मनातली भीती तीच. दक्षिण कोरियात हॉलच्या दाराशी टेबल मांडून पाकिटे घेतात आणि वहीत नावे लिहितात, अगदी आपल्यासारखी.

तेव्हा वही ठेवण्यात कोतेपणा नाही. कोतेपणा वही कशी वाचली जाते यात असतो. तीस वर्षांपूर्वी कुणी १०१ रुपये दिले म्हणून आज त्यांच्या मुलाला मोजून १०१ द्यायचे, हा हिशेब नव्हे, हे अज्ञान आहे. तेव्हाच्या १०१ रुपयांत काय येत होते ते आठवा. वहीने आपल्याला एवढेच सांगावे की हे लोक आले होते, आपल्या सुखात उभे होते, आता आपण जायला हवे. किती न्यायचे हे आपल्या आजच्या ऐपतीने ठरवावे.

दुसरा धोका लग्नाच्या रात्रीचा. सगळे दमून घरी येतात, सतरंजीवर पाकिटे ओततात आणि उघडायला बसतात. एक जण उघडतो, एक जण लिहितो आणि बाकीचे शेरे मारतात. तिथेच कुठे तरी नवी सून भिंतीला टेकून बसलेली असते. तिच्या मामाचे पाकीट उघडून कुणी ‘बस, एवढेच?’ म्हणाले, तर ते तिच्या लक्षात चाळीस वर्षे राहते. ते कुठल्या वहीत लिहावे लागत नाही. म्हणून माझी पहिली विनंती : पाकिटे दोघांनीच उघडावीत, आणि रक्कम वहीत राहावी, जिभेवर येऊ नये.

आता थोडे कायद्याचे बोलतो, कारण इथे वहीचे महत्त्व वेगळे होते.

हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा. हुंडा देणे-घेणे हा गुन्हा आहे आणि त्याला किमान पाच वर्षे कैदेची तरतूद आहे, हे बहुतेकांना माहीत असते. न मागता, रीतीप्रमाणे आणि ऐपतीच्या मानाने दिलेल्या भेटींना त्यातून सूट आहे. पण त्या सुटीला एक अट जोडलेली आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. त्या भेटींची यादी केलेली असली पाहिजे. या यादीसाठी १९८५ साली स्वतंत्र नियम झाले आणि ते २ ऑक्टोबर १९८५ पासून लागू आहेत. वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने ठेवायची, वराला मिळालेल्यांची वराने. लग्नाच्या वेळी किंवा त्यानंतर शक्य तितक्या लवकर करायची. लेखी हवी. तीत प्रत्येक वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव, आणि देणारा नातेवाईक असेल तर नाते. खाली वधू आणि वर दोघांच्या सह्या.

श्रोतेहो, रकाने ओळखीचे वाटतात ना? नाव, नाते, वस्तू. आपल्या मास्तरांच्या वहीत आणि सरकारच्या नियमात फरक दोनच : किंमत आणि सह्या. शतकानुशतके आपण जे करत आलो त्याच्या अगदी जवळचे कायदा मागतो आहे, आणि नेमके त्याच काळात आपण वही ठेवणे सोडून दिले. एक इशारा मात्र लक्षात ठेवा. मागून घेतलेली वस्तू यादीत लिहिली म्हणून पवित्र होत नाही. हुंडा तो हुंडाच.

हे सगळे कोरडे वाटेल म्हणून एक हकीगत सांगतो. नावे-गावे सांगत नाही. आमच्या नात्यातली एक मुलगी लग्नानंतर सव्वा वर्षाने माहेरी परत आली. का आली ते सांगण्याची ही जागा नव्हे. दोन्हीकडची वडील माणसे बसली, वेगळे व्हायचे ठरले, आणि मग तिच्या वस्तूंचा विषय निघाला. समोरून विचारणा झाली, ‘दिले ते आमच्या मुलाला दिले, तिचे त्यात काय?’ सह्यांची यादी केलेली नव्हती. दागिन्यांच्या पावत्या अर्ध्याच होत्या. फोटो होते, पण फोटोत पाटल्या दिसतात, पाटल्या कुणी दिल्या ते दिसत नाही.

तेव्हा तिच्या आत्याने एक वही काढली. दोनशे पानी, शाळेची, निळ्या पुठ्ठ्याची. लग्नात आत्या आहेर लिहायला बसली होती. सातवी शिकलेली बाई. तिने प्रत्येक नोंदीपुढे एक अक्षर घातले होते, ‘मु.’ किंवा ‘जा.’ मुलीला की जावयाला. असे का केले म्हणून विचारले तर म्हणाली, ‘उद्या पोरीला आभार मानायचे तर तिला कळायला नको का, तिला कुणी दिलं आणि त्याला कुणी दिलं ते?’ कायद्याचा विचार तिच्या मनात नव्हता. पण त्या बैठकीत एकेक नोंद वाचली गेली. पाटल्या दोन, आजोळकडून, मु. चांदीचे ताट, मोठ्या काकांकडून, मु. शिवणयंत्र, आईच्या मैत्रिणींकडून, मु. देणारी बहुतेक माणसे हयात होती आणि दोन तर त्याच खोलीत बसली होती. वहीत नाव असले की साक्षीदार असतो. वाद अर्ध्या तासात मिटला. शिवणयंत्र ज्या दिवशी परत आले त्याच दिवशी तिने ते चालवायला घेतले, आणि आज तिचा त्यावर संसार चालतो.

स्त्रीधनाबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले आहे की पत्नीचे स्त्रीधन तिचेच असते, सासरी ठेवायला दिले म्हणून ते नवऱ्याचे होत नाही. पण हक्क असणे वेगळे आणि कोणती वस्तू कोणाची हे दाखवता येणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीला कागद लागतो. मुलीच्या लग्नात आपण लाखो रुपये खर्च करतो. त्यातले पन्नास रुपये वहीवर खर्च करायला काय हरकत आहे?

प्राप्तिकराचेही थोडक्यात सांगतो. लग्नानिमित्त वधू-वरांना मिळालेल्या भेटींवर त्यांना कर लागत नाही. मात्र ही सूट ज्यांचे लग्न आहे त्यांना आहे. आईवडिलांच्या नावाने आलेल्या चेकला ती आपोआप लागत नाही. म्हणून पाकिटावर नाव कोणाचे आहे ते लिहावे. आणि एप्रिल २०१७ पासून एका प्रसंगानिमित्त एकाच व्यक्तीकडून दोन लाख किंवा अधिक रक्कम रोख घेता येत नाही, आहेर असला तरीही.

माझ्यासारखे सरकारी नोकर इथे बरेच आहेत. त्यांच्यासाठी एक वाक्य. केंद्राचे आणि आपल्या राज्याचे असे दोन्हीकडचे आचार नियम १९६४ चे आहेत आणि दोन्हीत भेटवस्तूंवर स्वतंत्र नियम आहे. नातेवाइकांचा आहेर वेगळा आणि ज्याची फाइल आपल्या टेबलावर आहे त्याचा ‘आहेर’ वेगळा. दक्षिण कोरियाने यावर २०१६ साली कायदाच लागू केला. सरकारी नोकराला लग्नात मिळणाऱ्या रोख आहेराला त्यांनी एक लाख वॉनची मर्यादा घातली आणि २०१८ मध्ये ती पन्नास हजारांवर आणली. आपल्या घरच्या कार्यात अशी पाकिटे आली तर ती कुणाची, हे वही सांगते. मग ती परत करता येतात. वही नसेल तर ती बाकीच्या ढिगात मिसळून जातात, आणि पुढे त्याच ढिगाबद्दल प्रश्न विचारले जातात.

आता वही ठेवायची कशी, ते सांगतो. आमच्या मेजरमेंट बुकाचे काही साधे नियम आहेत. पानांना आधीच क्रमांक असतात, त्यामुळे पान फाडता येत नाही. माप जागेवर घेतले की जागेवरच लिहायचे, घरी जाऊन आठवून लिहायचे नाही. शाईने लिहायचे. चुकले तर खोडरबर नाही, एक आडवी रेघ मारून वर बरोबर आकडा आणि बाजूला सही. हेच नियम आहेराला लावा.

वही बांधीव घ्या, सुटे कागद नकोत. पानांना क्रमांक घाला. वधूची बाजू आणि वराची बाजू यांच्या वह्या वेगळ्या. रकाने सात : क्रमांक, देणाऱ्याचे नाव आणि गाव, नाते, वधूला की वराला, वस्तू किंवा रक्कम, अंदाजे किंमत, आणि सातवा रकाना आभाराचा, ज्याबद्दल शेवटी बोलतो. पाकीट हातात आले की वहीत जो क्रमांक, तोच पाकिटाच्या कोपऱ्यावर. वस्तूच्या खोक्यावरही तोच. हॉलमध्ये पाकीट उघडायचे नाही. घरी दोघांनी मोजायचे आणि दोघांनी पानाखाली सही करायची. पाकिटे लगेच फेकू नका, नाव वाचता येत नसेल तर अक्षर ओळखणारा कुणी तरी निघतो. आता फोनवर पैसे येतात. तिथे नाव दिसते, पण ते खात्याचे नाव असते. पैसे आजोबांनी दिलेले असतात आणि नाव नातवाचे येते. त्याच दिवशी फोन करून विचारा आणि वहीत आजोबांचे नाव लिहा.

निनावी पाकिटे निघतातच. त्यांना स्वतंत्र पान द्या. आणि ‘आहेर आणू नये’ असे पत्रिकेत छापले असेल तर वही नकोच असे समजू नका. तेव्हा कोण आले एवढेच लिहा. उपस्थिती हाच आहेर म्हणता ना, मग त्याची नोंद नको का?

आता तो सातवा रकाना.

मराठी माणसाला आभार मानणे जड जाते. घरच्या माणसाला धन्यवाद म्हटले तर त्याला वाटते, हा परका झाला. आपल्याकडे त्याची पद्धत वेगळी होती. नवे जोडपे घरोघरी पाया पडायला जाई, जेवायला बोलावले जाई, आणि तिथे काकू हळूच विचारत, ‘साडी नेसलीस का गं?’ ‘हो काकू, नेसले, आईला फार आवडली.’ झाले आभार. शब्द उच्चारला नाही, पण काम झाले.

आता ते जोडपे चार दिवसांत बंगळुरूला जाते, किंवा न्यू जर्सीला. काकू परभणीत. पाया पडायला जाणे होत नाही आणि आभार मानण्याची सवय नाही. मधल्या मध्ये काकूंची साडी कुठे गेली ते काकूंना कळत नाही. फॅमिली ग्रुपवर हात जोडलेले एक चित्र येते, ‘सर्वांचे मनःपूर्वक आभार’. सर्वांचे म्हणजे कुणाचेच नाही.

आमच्या इमारतीत पोळ्या करायला येणाऱ्या एक मावशी आहेत. एका घरच्या मुलीच्या लग्नात त्यांनी स्टीलचा कडीचा डबा दिला. पुढे सहा महिने त्या मुलीची आई जिन्यात भेटली की विचारत, ‘ताई, डबा मिळाला ना?’ आईला वाटे, मावशी आठवण करून देत आहेत, काही अपेक्षा असेल. मावशींना काही नको होते. दोन दिवसांच्या मजुरीचा डबा तिथे पोचला का, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते. मुलगी दिवाळीला आली तेव्हा आईने तिला सांगितले. ती खाली जाऊन मावशींना म्हणाली, ‘मावशी, तुमच्या डब्यात मी ऑफिसात पोळ्या नेते.’ त्यानंतर मावशींनी पुन्हा विचारले नाही.

म्हणून मी म्हणतो, आभार हा शब्द जड वाटत असेल तर बाजूला ठेवा. आपल्या कचेरीतला एक साधा शब्द घ्या : पोच. टपाल आले की आवक क्रमांक पडतो आणि पोच दिली जाते. पोच म्हणजे स्तुती नाही, लाचारी नाही, परतफेडही नाही. तुमचे आमच्याकडे आले, आम्ही ते पाहिले, एवढे कळवणे. आणि मराठीत पोच या शब्दाला दुसराही अर्थ आहे, समज. ‘त्याला काही पोच नाही’ असे आपण म्हणतो. पोच द्यायला पोच लागते, असे भाषेनेच सांगून ठेवले आहे.

पोच कशी द्यावी? तीन गोष्टी असल्या की पुरे : वस्तूचे नाव, तिचे काय केले, आणि त्या माणसाबद्दल एक ओळ. ‘काका, तुमचे घड्याळ बैठकीत लावले. तुम्ही एवढ्या उन्हात निजामाबादहून आलात, फार बरे वाटले.’ दोन ओळी. रोख रक्कम असेल तर आकडा लिहू नये, तिचा उपयोग लिहावा. ‘तुमच्या आशीर्वादातून मिक्सर घेतला.’ ज्येष्ठांना फोन करा किंवा पोस्टकार्ड पाठवा. ते चार वेळा वाचले जाते. समवयस्कांना मोबाइलवर चालेल, पण प्रत्येकाला त्याच्या नावाने. आणि ही पोच वधू-वरांनी द्यावी. त्यांच्या आईवडिलांनी नाही.

एक बारीक गोष्ट राहिली. पोच देताना वही वरून खाली वाचली तर मोठ्या रकमा आणि जवळचे नातेवाईक आधी येतात, आणि शेवटच्या पानांवर थकून आपण थांबतो. शेवटच्या पानांवर कोण असते? उशिरा आलेले, दारातूनच पाकीट देऊन गेलेले, ऑफिसातला शिपाई, रिक्षावाला, दूरच्या गावचा कुळातला माणूस. त्यांना पोच मिळत नाही. म्हणून वही शेवटच्या पानापासून सुरू करा. मोठ्या आहेराच्या माणसाला फोन आज गेला काय, आठ दिवसांनी गेला काय, त्याला माहीत असते की येईल. शेवटच्या पानावरचा माणूस वाट पाहत नाही, कारण कुणी कळवेल असे त्याला वाटतच नाही. त्याला आधी कळवा.

या दिवाळीनंतर पुन्हा मुहूर्त सुरू होतील. काचीगुड्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्या वऱ्हाडाने भरतील, आणि नारायणगुड्याच्या फ्लायओव्हरखाली बँडवाल्यांची गर्दी होईल. आपल्यापैकी काहींच्या घरी कार्य असेल. बस्त्याच्या यादीत एक ओळ वाढवा : बांधीव वही एक, पेन दोन. आणि आहेर लिहायला कोण बसणार, हे आजच ठरवा. मुलीला बसवले तरी चालेल. त्या सातवी शिकलेल्या आत्येने आपल्या सगळ्यांपेक्षा चांगली वही लिहिली होती.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत. माझ्या वहीत आज तुम्हा सर्वांची नोंद झाली. ही त्याची पोच समजावी.

गणपती बाप्पा मोरया!